डॉज डब्ल्यूसी १९४१, बंद कॅब: डावे दार मागून वर चढते, फट जुळत नाही

महूरोड
नमस्कार मंडळी. अर्ध्या टनाचा डॉज डब्ल्यूसी, अमेरिकन लष्करी ट्रक, १९४१ची बनावट, लोखंडी बंद कॅब. चॅसिस, इंजिन, ब्रेक उरकले, आता कॅब चढवून दारे लावणे चालू आहे. उजवे दार बसले. डावे बसत नाही.

दाराला बाहेरून दोन बिजागऱ्या, त्यांच्यातले अंतर साधारण ४०० मिमी, दाराची रुंदी ८००. काच, सील रबर, स्ट्रायकर (कुलपाची जीभ अडकते तो खांबावरचा तुकडा) काही लावलेले नाही. रंगही नाही, नुसता एपॉक्सी प्रायमर.

मापे: वरची फट बिजागरीकडे ५ मिमी, कुलपाकडे २. खालची फट बिजागरीकडे ५, कुलपाकडे ९. म्हणजे दाराचे शेपूट, कुलपाकडची बाजू, वर गेले आहे. दार अर्धे उघडून शेपटाकडून उचलले तर ४ मिमी हलते. डेंटर म्हणतो, वरच्या बिजागरीमागे दीड मिमीचे पॅकिंग घालून शेपूट खाली घेऊ, पिना मागाहून बदलू. घालावे का?

पत्राकाम
नका घालू. पॅकिंगने फट आज बरोबर दिसेल, आणि पिना बदलल्या की पुन्हा बिघडेल.

हिशेब असा. बिजागऱ्या ४०० मिमीवर आणि दार ८०० रुंद, म्हणजे बिजागरीपाशी झालेली हालचाल शेपटाला दुप्पट दिसते. वरच्या बिजागरीमागे १ मिमी पॅकिंग घातले की शेपूट २ मिमी उतरते, खालच्या बिजागरीमागे १ मिमी घातले की २ मिमी चढते. तुमच्या दीड मिमीने शेपूट ३ मिमी खाली येईल, वरची फट ५ होईल, आणि सगळे खूश होतील.

पण ते ४ मिमीचे हलणे पाहा. दाराच्या वजनाने वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते, आणि झिजलेली पिन दोन्हीकडे तेवढी जागा देते. शेपटाला एकूण ४ मिमी खेळ म्हणजे प्रत्येक पिनेत १ मिमी झीज. आता दार त्या खेळाच्या तळाशी लटकले आहे. घट्ट पिना बसल्या की शेपूट मधोमध येईल, म्हणजे आजच्यापेक्षा २ मिमी वर. कुलपाकडे वरची फट आजच २ आहे. ती शून्य होईल आणि दार छताच्या कडेला घासेल.

झिजलेल्या पिनांनी दार खाली सोडायला हवे. तुमचे झिजलेल्या पिनांवरही वर चढले आहे. याचा अर्थ दार जागेवर आहे, मागचा खांब खाली बसला आहे. दाराला हात लावण्याआधी चौकटीचे कर्ण मोजा, आणि कॅबखालच्या चारही रबर माउंटची दाबलेली जाडी मोजून सांगा.

लेथवाली
पिनांचे आधी उरका, म्हणजे पुढची मापे खरी येतील. भोक गोल राहिलेले नसते, लंबगोल झालेले असते. त्यात नुसती जाड पिन ठोकली तर ती दोन ठिकाणी टेकते आणि वर्षभरात पुन्हा सैल होते. दोन रस्ते आहेत. झीज अर्ध्या मिमीच्या आत असेल तर भोक रीमरने पुढच्या मापाला गोल करायचे, उदाहरणार्थ ८ची पिन असेल तर ८.५, आणि सिल्व्हर स्टीलच्या सळईची पिन करायची. झीज १ मिमीला पोचली असेल, तुमची आहे, तर भोक ११ पर्यंत मोठे करून ११ बाय ८ची गनमेटलची बुश (आखूड नळी) दाबून बसवायची आणि आत मूळ मापाची पिन. मात्र बिजागरीच्या कानाला भोकाभोवती निदान ३ मिमी धातू उरला पाहिजे, नाहीतर कान फाटतो.

खरादवाल्याकडे नुसत्या पिना पाठवू नका, बिजागरीची दोन्ही पाने द्या. दोन्ही पाने एकत्र बांधून एकाच फेरीत रीमर चालवला तरच भोके एका रेषेत येतात. वेगवेगळी केली तर पिन आत जाते, पण दार जड फिरते. तेल जायला बुशला दीड मिमीचे भोकही पाडून घ्या.

महूरोड
ताई, उजव्या दाराच्या पिनाही सोबतच करून घेतो.

मापे आणली. कर्ण: डाव्या बाजूला पुढच्या खांबाच्या माथ्यापासून मागच्या खांबाच्या पायापर्यंत १३४७, आणि पुढच्या पायापासून मागच्या माथ्यापर्यंत १३६६. म्हणजे १९ मिमीचा फरक! चौकट इतकी वाकडी?

माउंट: पुढचे दोन्ही २४, उजवे मागचे २४, डावे मागचे १८.

पत्राकाम
दाराची चौकट काटकोनी नसतेच, पुढचा खांब कललेला असतो. म्हणून एकाच चौकटीचे दोन कर्ण एकमेकांशी लावून काही कळत नाही. डाव्याचा कर्ण उजव्याच्या त्याच कर्णाशी लावायचा. उजवे दार बसले आहे ना, तेच तुमचे गेज. दोन्हीकडे टेपचे टोक एकाच खुणेवर येईल असे बघा. स्क्रूच्या भोकाचे केंद्र किंवा पत्र्याच्या जोडाचा कोपरा चांगला, कारण गोलाईवर टेप ठेवला तर तिथेच ३ मिमीची चूक होते.

महूरोड
उजवीकडे १३४२ आणि १३७१.

पत्राकाम
मग गोष्ट स्पष्ट झाली. डावीकडे पहिला कर्ण ५ने लांब, दुसरा ५ने आखूड. मागचा खांब पुढच्याच्या मानाने सुमारे ६ मिमी खाली आहे, आणि तुमचे डावे मागचे माउंटही ६ने बसलेले आहे. एक विचारतो: डावा सिल, म्हणजे दाराखालचा पत्र्याचा उंबरा, नवीन आहे का?

महूरोड
हो काका. जुना गंजून चाळण झाला होता. १.२ मिमीच्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा नवा करून लावला. कॅब चॅसिसवरच होती, पण आडवे आधार लावले नव्हते.

बडोदेकर
इथेच सगळे झाले. सिल कापला की बंद कॅबचा मागचा खांब नुसता छताला आणि मागच्या पत्र्याला लटकतो. खाली बसलेले रबर, वर कॅबचे वजन, आणि त्या अवस्थेत पूर्ण वेल्ड. खाली गेलेला खांब तिथेच झाळला गेला.

पुढे वाचणाऱ्यांसाठी: सिल कापायच्या आधी दारे लटकवून फटी लिहून ठेवा, मग चौकटीत २५ बाय २५ बाय ३चा अँगल तीन ठिकाणी वेल्डच्या टाक्यांवर लावा. एक खांबापासून खांबापर्यंत आडवा, कंबरेच्या उंचीला. दोन कर्णात. शिवाय डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत कॅबच्या आरपार एक, नाहीतर कॅब रुंदीला आवळते. अँगल असा लावायचा की दार लटकवता येईल, म्हणजे चौकटीच्या आतल्या अंगाला. मधूनमधून दार लावून पाहता आले नाही तर त्या आधारांचा अर्धाच उपयोग.

आणि मोजताना गाडी कशी उभी आहे? जॅक-स्टँडवर मोजलेले काही धरू नका. शिडीसारखी चॅसिस पिळली जाते, ते तिचे कामच आहे. चारही चाके जमिनीवर, हवा सारखी, जमिनीला पाणसळ. चॅसिसच्या दोन्ही बाजूंवर आडवी पट्टी टाकून पुढे एकदा आणि मागे एकदा पाणसळ ठेवा. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच आला पाहिजे.

महूरोड
पट्टी टाकली. पुढे-मागे बुडबुडा सारखा, चॅसिस सरळ आहे. मग आता नुसते डाव्या मागच्या माउंटखाली ६ मिमीचे शिम (पॅकिंगची पट्टी) घातले तर?

पत्राकाम
सिल मोकळा असता तर तेवढ्याने भागले असते. झाळलेल्या सिलवर शिम घातले की पूर्ण डावा कोपरा उचलला जाईल. त्यातले दोनेक मिमी चौकटीत पोचतील, बाकीच्याने कॅब उजवीकडे कलेल आणि चांगले बसलेले उजवे दार बिघडेल. सिलचा मागचा जोड सोडवावा लागेल.

चारही माउंट नवी, एकाच गठ्ठ्यातली लावा. जुने-नवे मिसळू नका, जुने रबर कडक झालेले असते आणि वेगळे दबते. पुढचे दोन आणि उजवे मागचे बोल्ट आवळा, डावे मागचे ढिले ठेवा. सिल जिथे मागच्या खांबाच्या पायाला मिळतो तिथले स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या स्पॉट कटरने सोडवा, आणि पूर्ण वेल्ड मारले असेल तर १ मिमीच्या कटिंग डिस्कने तेवढीच रेघ कापा. पुढच्या खांबाकडचा जोड तसाच राहू द्या.

मग चॅसिस आणि कॅबच्या आडव्या बीमच्या मध्ये बाटली जॅक, वर १०० बाय १०० लाकडाचा ठोकळा. पत्र्यावर जॅकचे डोके थेट लावू नका, बीमला खड्डा पडतो आणि माप खोटे येते. सावकाश उचला, दर अर्ध्या फेरीला दोन्ही कर्ण मोजा. १३४२ आणि १३७१ आले की थांबू नका, अजून १ ते दीड मिमी उचला, कारण जॅक सोडल्यावर पत्रा तेवढा परत येतो. जॅक सोडा, मोजा, मग चार टाके. दार लटकवा. फट पटली तरच पुढे.

वेल्ड सलग ओढू नका. ०.८ची मिग वायर, २५ मिमीचा टाका, मग लांबच्या टोकाला दुसरा, मधली जागा थंड झाल्यावर. वेल्ड थंड होताना आकसते आणि खांबाला पुढे ओढते. सिलच्या वरच्याच कडेला सलग रेघ मारली तर मागची उभी फट खालून २ मिमी कमी झालेली दिसेल.

लष्कर_ग्वाल्हेर
दारे काढताना-लावताना एक सांभाळा. ही अमेरिकन गाडी, आटे इंची. बाजारात ५/१६ चा स्क्रू मागितला की पुष्कळदा एम ८ हातात पडतो, कारण जाडी जवळजवळ एकच, ७.९४ आणि ८. पण ५/१६ यूएनसीचा (अमेरिकन इंची मापाचा) आटा इंचाला १८, म्हणजे १.४१ मिमीचा, आणि एम ८चा १.२५. दोन-तीन फेरे बोटाने जातो, मग अडतो. पान्याने रेटला की खांबाच्या आतल्या पट्टीचे आटे जातात. ती पट्टी बदलायला खांब आतून कापावा लागतो. नवा स्क्रू बोटाने पूर्ण आत गेला नाही तर तो चुकीचा आहे. इंदूरच्या सियागंजात इंची मालाची दुकाने आहेत, जुना स्क्रू सोबत न्या. जुन्या आट्यांतून आधी टॅप फिरवून रंग आणि गंज काढा.

जबलपूरच्या शक्तिमान ट्रकवर काम करणाऱ्यांना ही अडचण नाही. ती मूळ जर्मन मान (MAN) कंपनीची रचना, मेट्रिक आटे.

महूरोड
उपयोगी पडले. माझ्याकडे आलेले चार स्क्रू एम ८च निघाले, परत केले.

दार लटकवताना क्रम काय ठेवावा? आणि पुढचे मडगार्ड आधी की दार आधी?

बडोदेकर
आधी दार, मग मडगार्ड. दार कॅबच्या चौकटीशी जुळवायचे आणि मडगार्ड-बॉनेट दाराशी. उलटे केले तर मडगार्डची चूक दारात जाते, आणि दाराला सरकायला जागा फार थोडी असते.

दाराखाली ट्रॉली जॅक, वर गोधडीचा तुकडा गुंडाळलेली फळी. ५ मिमी प्लायवुडचे तुकडे करून खाली दोन, मागे दोन असे फटीत अडकवा. दार त्या तुकड्यांवर बसवा आणि मगच बिजागरीचे स्क्रू आवळा. आधी वरच्या बिजागरीचा एक, मग खालच्या बिजागरीचा एक, मग बाकीचे. एकदम पूर्ण आवळले तर पान फिरते आणि शेपूट दीड मिमी हलते.

दार बंद करताना शेवटच्या बोटभर अंतरात परत उसळी मारत असेल तर ते सीलमुळे नाही, सील अजून लावलेच नाही. दाराची पुढची कड खांबाला टेकते आहे. वहीचा कागद कडेने फिरवा, जिथे अडकतो तिथे बिजागरीमागे अर्ध्या मिमीचे शिम. पुष्कळदा पानाखाली साचलेला जुना रंग किंवा पुटीनच कारण असते, ते खरवडून धातूवर धातू बसू द्या.

पत्राकाम
फटीचे माप किती ठेवता?

बडोदेकर
नुसत्या धातूवर साडेपाच. प्रायमर, सरफेसर, रंग मिळून दोन्ही कडांचे अर्धा मिमीपर्यंत खातात, मग ५ उरते. ४ ते ६ मध्ये कुठेही असली तरी चालेल, कारखान्यातूनही ते ट्रक याहून सारखे निघत नसत. दार आणि कॅब मात्र एका पातळीत हवे.

महूरोड
तेच विचारणार होतो. उजव्या दाराची खालची मागची बाजू आत, वरची बाहेर. ३ मिमीचा पीळ.

पत्राकाम
काच काढलेली आहे ना, मग काम सोपे आहे. दाराचा जो कोपरा आत जातो तिथे खांब आणि दार यांच्यात ५० मिमीचा लाकडी ठोकळा धरा, आणि जो कोपरा बाहेर आहे तिथे तळहाताने किंवा गुडघ्याने आत दाबा. एकेका दाबाला अर्धा-एक मिमी मिळतो. झटका देऊ नका, दाबून धरा आणि सोडा. बिजागरीच्या बाजूला एक माणूस दार धरून हवा, नाहीतर सगळा जोर पिनांवर जातो.

दाराला नवी कातडी, म्हणजे बाहेरचा पत्रा, घातली आहे का? घातली असेल तर पीळ तिथूनच आला. कातडीची १२ मिमीची कड टेबलावर दुमडली की दार टेबलाच्या वाकड्यासकट कायमचे बंद होते. कातडी क्लॅम्पवर लावून दार कॅबवर लटकवायचे, पातळी बघायची, कड सहा-सात ठिकाणी हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) जागेवरच दुमडायची, मग उतरवून बाकीची पूर्ण करायची.

लेथवाली
फट कमी-जास्त असेल तर कडेवर लांबी (पुटीन) भरू नका. दार रोज आपटते, कडेची लांबी पहिल्या पावसाळ्यात सुटते. ज्या कडेला धातू कमी आहे तिथे ३ मिमीची एमएस (माइल्ड स्टील) सळई टाक्यांवर लावून झाळा आणि कानशीने आकार द्या. धातू जास्त असेल तर दुमड खरवडू नका, खालचा पत्रा उघडा पडेल. ती कड डॉली लावून आत ठोका.

पावडर कोटिंगचा विचार असेल तर आधी दाराच्या जुन्या जोडांना चुंबक लावून पाहा. चुंबक धरत नसेल तर आत शिसे-कथलाचे भरण असू शकते. ते १८३ अंशांना वितळू लागते आणि पावडरची भट्टी १८० ते २००ची. दार भट्टीतून बाहेर येईल, भरण भट्टीत राहील. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारा.

महूरोड
मंडळी, सिल सोडवला, खांब उचलला, टाके मारले, पिनांच्या बुश आल्या. आताची डावी मापे: कर्ण १३४३ आणि १३७०. वरची फट ५ आणि ५, खालची ५ आणि ६. मागची उभी फट वर साडेपाच, खाली ५. शेपटाचा खेळ हाताला जाणवत नाही. बिजागरीमागे एकही शिम नाही. उजवे दार जागचे हलले नाही.

पत्राकाम
उत्तम. पूर्ण वेल्ड झाल्यावर पुन्हा मोजा. खालची ६ असलेली फट काच बसल्यावर थोडी भरेल. काच आणि तिचे यंत्र मिळून पाच-सात किलो असते. आता तेवढी वाळू पिशवीत भरून दारात टांगून बघितले तरी कळेल.

दुपारच्या उन्हात मोजू नका. ८०० मिमीचे पोलाद ३० अंशांनी तापले तर ०.३ मिमी वाढते. फार नाही, पण दार तापलेले आणि खांब सावलीत असला की गोंधळ होतो.

महूरोड
स्ट्रायकर आणि सील?

लष्कर_ग्वाल्हेर
स्ट्रायकर नसताना दार बंद करून सोडा. खांबाच्या पातळीत आपले आपण उभे राहिले पाहिजे. मग कुलपाच्या जिभेला ग्रीसमध्ये कालवलेला नीळ लावा, दार हलके टेकवा, खांबावर ठसा उमटेल. त्या ठशावर स्ट्रायकर मधोमध. स्ट्रायकरने दार वर उचलून फट जुळवू नका. दिसायला जुळते, पण प्रत्येक आपटीला सगळे वजन त्या दोन स्क्रूंवर येते आणि कुलूप वर्षात झिजते. डव्हटेल (दार धरणारी पाचर आणि खाच) असेल तर तेही शेवटी, दाराला खाली-वर हलू न देण्यापुरते.

बंद करताना दोन आवाज आले पाहिजेत, पहिला अर्ध्या खाचेचा, दुसरा पूर्ण. पहिल्यावरच थांबत असेल तर स्ट्रायकर फार आत आहे. १ मिमीचे शिम घालून बाहेर घ्या.

सील सगळ्यात शेवटी, आणि मऊ घ्या. पोकळ स्पंज ईपीडीएम रबर. मूळ जागा ८ मिमीची असेल आणि तुम्ही १२ची नळी लावली तर दार मागून ३-४ मिमी बाहेर उभे राहील आणि तुम्ही पुन्हा बिजागऱ्यांकडे वळाल. भरीव रबर तर लावूच नका. तपासायला वहीच्या कागदाच्या पट्ट्या, दर १०० मिमीवर एक. दार बंद करून ओढा. थोडी ताकद लागून निघाली तर बरोबर, फाटली तर सील जाड, सहज निघाली तर तिथून पाणी येणार.

लेथवाली
दाराच्या तळाची पाण्याची भोके उघडी ठेवा. तीन भोके, १० मिमीची, एक पुढे, एक मधे, एक मागे. सीम सीलर भरताना डेंटर तीच बुजवतो, आणि काचेच्या फटीतून आत गेलेले पाणी खालच्या दुमडीत बसते. रंगानंतर दाराच्या आत पातळ मेण फवारा, आणि मग त्या भोकांतून तार फिरवून घ्या.

बडोदेकर
आणि दाराचा पट्टा. बहुतेक जुन्या कॅबवर तो तुटलेला असतो आणि कुणी लावत नाही. वाऱ्याच्या झोताने दार पूर्ण उघडून मडगार्डकडे गेले की बिजागरीचे पान वाकते आणि पुढच्या कडेचा पत्रा चेपतो. एवढे जुळवलेले सगळे एका झोतात जाते. दार अजून मडगार्डला टेकायला चार बोटे बाकी असतानाच पट्टा ताणला पाहिजे, एवढी लांबी ठेवा. कॅनव्हासचा पट्टा दोन पदरी, दोन्ही टोकांना पितळी वॉशर.

महूरोड
पट्टा आजच शिवायला देतो. रंगाचे एकच राहिले. ऑलिव्ह हिरवा चालेल का?

लष्कर_ग्वाल्हेर
रस्त्यावर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. वाळूचा किंवा राखाडी घ्या. दाराच्या आतल्या कडा आणि बिजागरीची पाने दार उतरवून रंगवा, पण उतरवण्याआधी पानाभोवती खांबावर टोकदार सुईने बारीक रेघ ओढून ठेवा. रंगानंतर दार पुन्हा त्याच रेघेवर बसते.